साल सुटते म्हणून अर्जुनच असं नाही

रविवार, जानेवारीचा दुसरा आठवडा. सकाळी आठ.

दादरच्या गल्लीतलं रस्त्याकडेचं झाड. फुलं नाहीत. साल गुळगुळीत, फिकट राखाडी, पातळ कपचे सुटलेले, खाली पिवळट डाग. अशी साल दिसली की मुंबईत हमखास 'अर्जुन' म्हणून मोकळे होतात, आणि पुष्कळदा ते ताम्हण निघतं. ताम्हणाचीही साल अशीच सुटते. एकट्या सालीवर नाव ठोकून देणं म्हणजे निव्वळ अंदाज.

त्यात शहरातली साल म्हणजे गडबडच. खालचा भाग गेरू-चुन्याने रंगवलेला, पावसाळ्यानंतर शेवाळाचे थर, जाहिरातींचे खिळे. अर्जुन असेल तर औषधाला अर्जुनसाल म्हणून कुणीतरी खरवडून नेलेली. जखम भरून आली की तिथली साल मूळ सालीसारखी नसते. म्हणून रंगाच्या पट्ट्याच्या वर, पुरुषभर उंचीला आणि जाड फांद्यांवर बघायचं. बुंधाही बघावा: जुन्या अर्जुनाच्या बुंध्याला बहुतेक वेळा खोल पन्हळी असतात.

आता पान. उचललेलं पान खरंच पान आहे ना, हे आधी ठरवायचं. पानाच्या बगलेत, देठ फांदीला चिकटतो तिथे, डोळा म्हणजे नवा कोंब फुटायची जागा असते. पर्णिका म्हणजे संयुक्त पानाचा एक छोटा भाग, तिच्या बुडाशी डोळा नसतो. कडुनिंबाची एक पर्णिका घेऊन 'साधं पान' लिहिलं की पुढचं सगळं चुकलं. गुलमोहर आणि पर्जन्यवृक्षात तर पान दोनदा विभागलेलं, तिथे नवशिके हटकून फसतात. आजच्या झाडाची पानं साधी आहेत, फांदीवर समोरासमोर.

पान कुठलं घ्यावं, हेही महत्त्वाचं. पावसाळ्याआधीच्या छाटणीनंतर फुटलेल्या धुमाऱ्यांची पानं नेहमीपेक्षा खूप मोठी आणि कधी वेगळ्याच आकाराची येतात. धुमारे सोडून वरच्या फांद्यांची गळलेली पानं गोळा करावीत, देठासकट, निदान दहा. झाडाची फांदी तोडायची गरज नाही. शहरातल्या झाडांना 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्याचं कवच आहे, आणि गळलेल्या पानांवर काम भागतं.

अर्जुन की ताम्हण, याचा निकाल देठाच्या टोकाशी लागतो. अर्जुनाच्या देठावर, पान सुरू होतं तिथे, दोन बारीक गाठी असतात. ताम्हणाला त्या नसतात. ओल्या अंगठ्याने धूळ पुसायची आणि दहापट भिंगातून बघायचं. अर्जुनाच्याही एखाद्या पानावर एकच गाठ दिसते, कधी एकही नाही, म्हणूनच दहा पानं. आज दहाच्या दहा कोरी. शिवाय काही पानं तांबूस-नारिंगी झालेली. ताम्हणाची पानं हिवाळ्यात गळण्याआधी असाच रंग धरतात.

तरी फळ बघितल्याशिवाय वहीत नाव नाही. खाली पडलेल्या फळावर मात्र विश्वास ठेवू नये. देशी बदामाची फळं वटवाघळं उचलून दुसऱ्याच झाडाखाली टाकतात, फुटपाथवर तर वाऱ्याने आणि झाडूने काय काय येऊन पडतं. तेच फळ वर फांदीवर दिसलं पाहिजे. दुर्बीण नसेल तर मोबाइलचा झूम चालतो. इथे वर गेल्या वर्षीची बोंडं सुकून तडकलेली आहेत: लाकडासारखी कडक, साधारण दोन सेंटिमीटर, सहा फाका उघडलेल्या, बुडाशी सहा टोकांची वाटी अजून चिकटलेली. अर्जुनाचं फळ तडकत नाही, त्याला उभे पाच पंख असतात.

ताम्हण.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात गेलं की मात्र प्रश्न बदलतो; तिथे अर्जुनाचा घोळ ऐन या झाडाशी. ऐनाची साल काळपट, खोल भेगांची, थेट मगरीची पाठ. गाठी देठावर नाहीत, पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेजवळ. फळाला पंख दोघांनाही पाच, पण ऐनाच्या रुंद पंखावरच्या शिरा आडव्या सरळ कडेपर्यंत जातात, अर्जुनाच्या वर वळतात. किंजळ त्यांचाच भाऊबंद, पण त्याच्या फळाला एक पंख मोठा आणि दोन छोटे, तिथे गोंधळाला जागा नाही.

वहीत: घेर जमिनीपासून 1.3 मीटरवर टेपने मोजावा, टेप झाडाला काटकोनात आणि गाठ-फुगीर भाग टाळून. बोंडं कागदी पाकिटात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन दिवसांत बुरशी धरते. पानं वर्तमानपत्रात दाबायची, एक सुलटं, एक उलटं, म्हणजे गाठी नंतरही तपासता येतात. मनात शंका राहिलीच तर राणीच्या बागेत झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. पाकीट घेऊन जावं आणि पाटीखाली उभं राहून बोंडाला बोंड लावून बघावं.

एप्रिलअखेर परत फेरी. तोवर जांभळे तुरे आलेले असतील.