तुम्ही विचारलंत म्हणून: नाणी घेणं का सोडलं?

"एवढा नाद होता, मग जुनी नाणी घेणं एकदम सोडलंत का?" लग्नकार्यात कुणीतरी विचारतंच. पैसे संपले नव्हते, घरच्यांनीही कधी अडवलं नाही.

१९८७ साली नाशिककडच्या एका सराफानं माझ्यापुढं ताटात चांदीची नाणी ओतली. गाडगंभर तरी असतील. मी ११ निवडली. त्यातलं एक जेमतेम दोन ग्रॅमचं. क्षत्रप राजा नहपानाचा चेहरा आणि त्यावरच सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं ठोकलेला तीन कमानींचा डोंगर. कमानींखाली नहपानाचं नाक तेवढं शिल्लक होतं. घरी येऊन पातळ कागदावर पेन्सिलीनं ठसा उतरवला आणि ज्यांच्याशी माझा सहा वर्षांचा पत्रव्यवहार होता त्या सरांना धाडला. शाबासकीची वाट बघत बसलो.

पोस्टकार्ड आलं. कोणत्या शिवारात निघालं? भांड्यात होतं का? एकूण नाणी किती? त्यांत पुनर्मुद्रांकित, म्हणजे जुन्यावर नवा ठसा मारलेली, किती? एवढंच.

मी एसटीनं परत गेलो. सराफ म्हणाले, "अहो, ती आटवली की. पैंजण झाले." आणून कुणी दिली, ते सांगेनात. मी दुकानाच्या पायरीवर बराच वेळ बसून होतो.

नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाची १३ हजारांवर नाणी मिळाली. त्यांतल्या ९ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीचा ठसा होता. नहपानाचं चलन सातकर्णीनं केवढ्या प्रमाणात आपलंसं केलं, हे समजलं ते सगळा साठा एकत्र मोजला म्हणून. माझ्यापुढंही तसंच ताट होतं. मी त्यातली देखणी तेवढी उचलली.

"मी घेतली नसती तर तीही ११ आटली असती," असं मी वर्षानुवर्षं सांगत आलो. खोटं नाही ते. पण निदान मोजायला काय झालं होतं? दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, हा १८७८ चा कायदा मला पाठ होता. ताट बघितल्यावर तो आठवलाच नाही, असं म्हणवत नाही. आठवला होता. आमच्यासारखी गिऱ्हाइकं आहेत म्हणून गाडगी सराफाकडं जातात, की गिऱ्हाइकं नसती तर सगळीच मुशीत गेली असती? दोन्ही बाजूंनी मी स्वतःशी भांडून झालंय.

सरांना मी उत्तर लिहिलंच नाही. दोन वर्षांनी ते गेले. ११ नाणी पाकिटात आहेत, त्यांचं पोस्टकार्डही त्यातच आहे. पाकिटावर "सापडल्याचं ठिकाण" असं लिहून पुढं जागा सोडली होती, ती तशीच आहे.