जोई डनलॉप: ६०.७ किलोमीटरचा राजा

उत्तर आयर्लंडमधल्या बॅलीमनीचा जोई डनलॉप १९७७ मध्ये आईल ऑफ मॅन टीटी, म्हणजे आईल ऑफ मॅन बेटावरच्या रस्त्यांवरची मोटरसायकल शर्यत, पहिल्यांदा जिंकला. पुढे १९८२ ते ८६ सलग पाच वेळा तो टीटी फॉर्म्युला वन या मोटरसायकल स्पर्धेचा जगज्जेता झाला.

टीटीचा एक फेरा ६०.७ किलोमीटरचा, दोनशेहून जास्त वळणांचा, तोही दगडी भिंती आणि घरांमधून. गाड्या दहा-दहा सेकंदांनी सुटतात, म्हणजे लढत घड्याळाशी! दर दोन फेऱ्यांनी पेट्रोल भरावं लागतं; तिथे गमावलेले सेकंद रस्त्यावर भरून काढणं फार अवघड. १२५ सीसी टू-स्ट्रोकचं जेटिंग, म्हणजे इंजिनात किती पेट्रोल जावं हे ठरवणारं छिद्र (जेट) निवडणं, आणखी नाजूक. वाटेतल्या स्नेफेल डोंगरावर हवा विरळ, त्यामुळे मिश्रण रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त. तिथल्या हिशेबाने जेट लहान लावला, तर खाली समुद्राजवळ तेच लीन (पेट्रोल कमी) होऊन पिस्टन सीझ होतो, म्हणजे तापून अडकतो. म्हणून जेट खालच्या हवेसाठीच निवडायचा.

जून २००० मध्ये, ४८ व्या वर्षी, त्याने एकाच आठवड्यात तीन शर्यती जिंकल्या. टीटीत एकूण २६ विजय! माझ्या मते ही त्याची सर्वांत मोठी कामगिरी. २ जुलैला एस्टोनियात टॅलिनच्या ओल्या रस्त्यावर १२५ सीसीच्या शर्यतीत गाडी घसरून झाडांवर आदळली आणि तो गेला. २६ चा विक्रम २०२४ मध्ये मोडला तो पुतण्या मायकलने.