दरीकडे पाठ करून

मे महिन्यात घरी आलेल्या पाहुण्यांना महाबळेश्वर दाखवून आणणे हे प्रत्येक सातारकराच्या नशिबी लिहिलेले कर्तव्य असते. गेल्या उन्हाळ्यात सांगलीहून मेहुणे सहकुटुंब आले, तेव्हा ते मी निदान विसाव्यांदा बजावले. प्रत्येक पॉइंटावर मंडळी कठड्यापाशी जाऊन दरीकडे तोंड करून उभी राहत, धुरकटलेल्या हवेत फारसे काही दिसत नसले तरी ‘वा!’ म्हणत आणि फोटो काढून गाडीत येऊन बसत. लिंगमळ्याला पोहोचेपर्यंत माझ्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. म्हणून सर्वांना धबधब्याकडे पाठवून (मे महिन्यात तो जेमतेम बोटभर धारेचा असतो, हे मी सांगितले नाही) मी वाटेकडेच्या गर्द सावलीत, करवंदे विकणाऱ्या एका मावशींशेजारी दगडावर टेकलो.

तेथे, दरीकडे पाठ असतानाच, तो दिसला. चिमणीहूनही लहान, पाठ गडद निळी, गळा आणि छाती विटकरी-नारिंगी, पोट पांढरे. हा टिकेलचा निळा माशीमार. माझ्यापासून पाच-सहा हातांवर, कमरेएवढ्या उंचीच्या वाळक्या काटकीवर तो ताठ बसला होता. मध्येच शेपटी किंचित हलवी आणि बाकी सगळा स्तब्ध, इतका की ऊन-सावलीच्या ठिपक्यांत त्याचा निळा रंग पुन्हा पुन्हा हरवत होता. मग एकाएकी तो सुटला, हवेतच गिरकी घेतली, चोचीचा बारीक ‘टक्’ ऐकू आला आणि तो पुन्हा त्याच काटकीवर, त्याच जागी येऊन बसला. चोचीत एक करड्या पंखांचा पतंग फडफडत होता. त्याने तो काटकीवर दोनदा आपटला आणि गिळला. पंखाचा एक तुकडा तेवढा तरंगत माझ्या चपलेपाशी आला. चोचीच्या मुळाशी असलेले राठ केसही इतक्या जवळून दिसत होते.

पुढे मी मोजू लागलो. अकरा वेळा तो उडाला आणि नऊ वेळा त्याच काटकीवर परतला. दोन वेळा शेजारच्या फांदीवर बसला खरा, पण लगेच अस्वस्थ होऊन मूळ जागी आला. अशी जागा धरून बसण्याची सवय मी आमच्या कचेरीतल्या एका वरिष्ठांत पाहिली आहे. फरक इतकाच, की ते उठल्यावर हाती काही घेऊन परतत नसत.

नावाचे मात्र मला वाईट वाटते. 1843 साली एडवर्ड ब्लाईथ या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांनी या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन करताना त्याच्या नावात टिकेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचे आडनाव गोवले आणि ते त्याला कायमचे चिकटले. महाबळेश्वरला त्यात नवल वाटू नये म्हणा, कारण ज्या गावच्या पेठेला माल्कमचे आणि सर्वांत उंच माथ्याला विल्सनचे नाव आहे, तेथे पाखरानेच काय म्हणून सुटावे? तरीही दरडीच्या खबदाडात किंवा झाडाच्या ढोलीत घरटे करणाऱ्या, डास-माश्यांवर गुजराण करणाऱ्या या जिवाला येथील लोक काहीतरी म्हणत असतील, अशा आशेने मी मावशींना विचारले.

‘‘त्ये व्हय?’’ करवंदांचा द्रोण माझ्या हाती देत त्या म्हणाल्या, ‘‘निळं पाखरू. रोजचंच हाय. बायकू बी आसती त्येची, जरा फिक्की. काका, सुट्टं द्या बरं का.’’

मादीचा रंग फिका असतो, हे मला पुस्तकातून कळले होते. मावशींना ते करवंदे विकता विकता कळले होते. पॉइंटांवर मीही आजवर त्या कठड्याला टेकून उभा राहिलो. पाठीमागच्या सावलीत कोण बसले आहे, हे विसाव्या खेपेपर्यंत वळून पाहिले नव्हते.

तेवढ्यात मंडळी धापा टाकत परतली. ‘‘पाणीच नाही हो!’’ म्हणून मेहुण्यांनी तक्रार केली आणि सहा माणसांच्या पायरवाने माशीमार झुडपात शिरला. आम्ही गाडीकडे निघालो, तोच मागून त्याचे गाणे आले. पातळ धातूच्या तारेवर कोणी नख ओढावे, तशी चार-सहा सुरांची किणकिण होती ती.

मेहुणे खिसे चाचपत थांबले आणि म्हणाले, ‘‘भाऊजी, तुमचा फोन वाजतोय का बघा.’’