ज्ञानेश्वरी घरात आहे, मग परंपरा कशाला?

पारायण संपलं की कुणीतरी तरुण हा प्रश्न विचारतोच. ज्ञानेश्वरी अर्थासकट छापलेली मिळते, मोबाइलवरही वाचता येते. मग आम्हा वारकऱ्यांसारखं मध्ये गुरू, परंपरा, गळ्यात तुळशीची माळ हवी कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ग्रंथ पुरा केला, तेव्हा अठराव्या अध्यायात हे ज्ञान आपल्याकडे कसं आलं तेही सांगून ठेवलं. आदिनाथ शंकर, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ आणि मग निवृत्तिनाथ, म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ. स्वतःचं असं काही त्यांनी मागे उरू दिलं नाही.

आणि आपण वाचतो ती पोथी? नकला होता होता पाठ बिघडले होते. शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथ महाराजांनी प्रती ताडून ती शुद्ध केली. नाथ केवढे कवी! चार ओव्या भरीला घालणं त्यांना काय अवघड होतं? पण त्यांनी उलट बजावून ठेवलं, की यात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली. देवगिरीला आपल्या गुरूंच्या, जनार्दनस्वामींच्या पायाशी बसलेला माणूसच असा हात आवरू शकतो, असं मला मनापासून वाटतं.

गुरू म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर गादी आणि हारतुरे येतात. आमच्याकडे तुकोबांना बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात ‘रामकृष्णहरी’ मंत्र दिला. बहिणाबाई जन्माने ब्राह्मण; त्या काळात त्यांनी कुणबी तुकोबांना गुरू केलं आणि आपली परंपरा अभंगातून सांगितली. चोखोबांचे गुरू नामदेव. चोखोबांना देवळात पाऊल ठेवू दिलं नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते गेले, तेव्हा नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. आजही विठ्ठलाच्या दर्शनाआधी लोक तिथे माथा टेकतात. गुरू शिष्यासाठी काय करतो, असं कुणी विचारलं तर मी हेच सांगतो.

हे सगळं जुनं झालं असंही नाही. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे आजही मुलं ज्ञानेश्वरी, गाथा पाठ करतात, कीर्तन शिकतात. अभंगाची चाल कुठे उचलायची आणि ओवीवर कुठे थांबायचं, हे समोर बसूनच कळतं. छापील पानावर ते उतरत नाही.

तुम्हाला माळ घालायची असेल तर ओळखीच्या एखाद्या फडावर, म्हणजे परंपरेने चालत आलेल्या वारकऱ्यांच्या मंडळीकडे, जा. तुळशीची माळ ज्ञानेश्वरीवर ठेवून तुमच्या गळ्यात घालतील. एकादशी, पंढरीची वारी, रोजचा हरिपाठ, मद्य-मांस वर्ज्य, एवढंच मागतील. मग तुमच्या पाया पडतील, कारण वारकरी एकमेकांच्या पाया पडतात. त्याबद्दल कुणी पैसे मागितले, तर नमस्कार करून सरळ परत या.