शाळा नाही, मग सुट्टी कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. लेकीला आम्ही शाळेत न घालता घरीच शिकवतो. "शाळाच नाही, मग तुम्हाला सुट्टी कसली?" हा प्रश्न दिवाळीत येतो, गड्ड्यात, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या जत्रेत येतो, आणि मे महिन्यातल्या लग्नांत तर पंगतीत मठ्ठ्यासारखा फिरून फिरून येतो. विचारणारे हसत विचारतात. मीही हसत म्हणते, "आमची काय, रोजच सुट्टी की." थाप आहे ती. सण आला की आमच्या घरात परीक्षा असते आणि पेपर काढायला सगळे नातेवाईक बसलेले असतात.

कायद्याचं आणि दहावीचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मधे थांबायला नको. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात 6 ते 14 वयाच्या मुलांचं शिक्षण आहे. घरी शिकवणाऱ्यांचं नाव त्यात नाही. 14 वर्षं पूर्ण झाली की एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी देता येते, पाच विषय घेऊन. झालं. हे मी इतक्यांदा सांगितलंय की लेकीलाही पाठ आहे. पाढे नाहीत, हे आहे.

पाढ्यांवरूनच आमच्या अप्पांचं, म्हणजे सासऱ्यांचं, बिनसलं. ते गिरणीतल्या साचेवाल्याचे, म्हणजे मागावरच्या कामगाराचे, पोरगे, घराण्यातले पहिले मॅट्रिक. भोंगा झाला की वडील कामावर आणि आपण शाळेत, असं त्यांचं लहानपण गेलं. ज्या दारातून आपण वर आलो ते दार सुनेनं नातीसाठी लावून घेतलं, असं त्यांना वाटतं. सुरुवातीला मी त्यांना जुन्या वळणाचं म्हणून मोकळी झाले होते. आता तसं म्हणवत नाही. दिवाळीत फराळाचं ताट पुढं ठेवून ते लेकीला सतराचा पाढा विचारतात तेव्हा मला राग येतोच; पण त्यांच्या आवाजात धाक कमी आणि काळजी जास्त असते, हेही ऐकू येतं. मी करते काय? "पुढच्या वर्षी बघू अप्पा, घालू शाळेत," म्हणते आणि चिवडा वाढते. असं चार दिवाळ्या झालं. घालायचं नव्हतं. वाद नको होता.

आता ती भोगी, म्हणजे संक्रांतीचा आदला दिवस. लेक नऊ वर्षांची होती. तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी खाऊन सगळे सुस्त. त्याच दिवशी गल्लीतल्या तिच्या मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर आम्ही गड्ड्यातल्या अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाला गेलो. सोलापूरकरांना सांगायला नको, हे लग्न लागतं त्या सम्मती कट्ट्याकडं मुंगी शिरणार नाही अशी गर्दी, जिकडं बघावं तिकडं पांढऱ्या बाराबंद्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून डुलत येणाऱ्या सातही नंदीध्वजांच्या उंच काठ्या. पोरी टाचा उंचावून काठ्या मोजत होत्या. मैत्रिणीच्या आज्जी पिशवीतून शेंगापोळीचे तुकडे काढून वाटत होत्या. लेकीच्या हातावर तुकडा ठेवत त्यांनी सहज विचारलं, "कितवीत गं तू?"

"चौथी ब," लेक म्हणाली.

मी तिच्याकडं बघितलं. तिनं नाही बघितलं.

"बाई कशा आहेत?"

"चांगल्या आहेत. हिरवी साडी नेसतात. तास चालू असताना पाणी प्यायला देतात. मारत नाहीत, पण चष्मा काढून बघतात."

चष्मा काढून बघतात! मैत्रिणीला सगळं माहीत होतं. ती पोळी चावायची थांबली, मग लेकीला खेटून उभी राहिली आणि म्हणाली, "हो आज्जी, हिच्या बाई लई चांगल्या." आज्जींनी माझ्याकडं बघितलं. त्या क्षणी मला बोलता आलं असतं. मी म्हणाले, "हो ना, बाई चांगल्या मिळाल्यात." तेवढ्यात मंगलाष्टक झालं, गर्दीतून "सत्यम् सत्यम्" असं उठलं आणि आम्ही सगळ्यांनी अक्षता टाकल्या. माझे काही दाणे मुठीतच चिकटून राहिले, हाताला घाम आला होता.

रात्री अंथरुणावर मी तिला विचारलं, "बाईंचं नाव काय?" ती म्हणाली, "अजून ठेवलं नाही."

मला रागवायचं होतं. पण कुठल्या तोंडानं? चार दिवाळ्या ही पोर माझ्या शेजारी बसून "पुढच्या वर्षी घालू" ऐकत होती.

त्याच्याही आधीची एक वही माझ्याकडं आहे. "सण हीच आमची शाळा," असं मी तिच्यात ऐटीत लिहून ठेवलंय. तिळगुळातून गुणोत्तर, गड्ड्यात शहरातल्या 68 शिवलिंगांना जाणाऱ्या मिरवणुकीतून नकाशा, भोगीच्या भाकरीतून पीकपाणी. ती वही लिहिणारी बाई भेटली तर तिला विचारीन, बाई गं, पोरीला भाकरी नुसती खाऊ का दिली नाहीस? एकदा गड्ड्यात होम मैदानावर पाळण्याच्या रांगेत मी लेकीला फेऱ्यांचा हिशेब घालत होते, तर ती म्हणाली, "आई, आज तरी शिकवू नकोस." सुट्टी कसली, या तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर कदाचित एवढंच असेल. पण लगेच असंही वाटतं, की तेव्हाच तिला पावकी-निमकी पक्की झाली. काय म्हणावं?

शाळेत घालायचं का? विचारलं लेकीला. एकदा हो म्हणाली, दोनदा नाही. अप्पांना मी यंदाच्या दिवाळीत सरळ सांगितलं की पुढच्या वर्षीही घालणार नाही. ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पेपर लेकीच्या हातात देऊन म्हणाले, "मोठ्यानं वाच." तेव्हापासून ती रोज वाचते आणि ते उच्चार सुधारतात. पाढा अजून विचारतात.

परवा भोगीसाठी पावट्याच्या शेंगा सोलत बसलो होतो. लेक मधेच म्हणाली, "आई, आमच्या बाईंची बदली झाली."

"कुठं गं?"

"अक्कलकोटला," असं म्हणून तिनं पुढची शेंग घेतली.