एकः, एका, एकम्

अमृत महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी आठवण लिहून पाठवा, असं पत्र आलं आणि डोळ्यांसमोर नववीचा वर्ग उभा राहिला. मधल्या सुट्टीनंतरचा संस्कृतचा तास आणि फळ्यावरची एक ओळ.

इंदुरात आम्ही मराठी ख्रिस्ती मोजकेच. रविवारची उपासना हिंदीत, घरची प्रार्थना मराठीत. त्या दिवशी डबा खाताना एका मित्राने विचारलं, "तुमचा येशू देवाचा मुलगा, आणि देवही तोच. मग बाप-लेक एकच कसे रे?" त्याच्या मनात काही खोट नव्हती. मला मात्र घास गिळवेना. ‘मी आणि पिता एक आहोत’ हे बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातलं येशूचं वचन, दहाव्या अध्यायातलं तिसावं, मला तोंडपाठ होतं. अर्थ विचारला तर सांगता येत नव्हता.

तास संपल्यावर मी सरांकडे गेलो. सर रोज पूजा करून शाळेत येणारे. "तुझ्या धर्मातलं मी काय सांगणार?" असं आधी म्हणाले, मग म्हणाले, "बरं, वाक्य सांग."

मी सांगितलं. खडूला कागद गुंडाळून लिहायची त्यांची सवय होती. तसाच खडू धरून त्यांनी फळ्यावर लिहिलं: एकः, एका, एकम्. "मराठीत नपुंसकलिंग आहे, पण ‘एक’ तिन्ही लिंगांत तसाच राहतो. हिंदीत तर नपुंसकलिंगच नाही. संस्कृतात ‘एकः’ म्हटलं की एकच पुरुष. ‘एकम्’ म्हटलं की एकच वस्तू, एकच तत्त्व." खाली आणखी एक ओळ लिहिली, ‘अहं पिता च एकं स्वः’, आणि ‘स्वः’खाली रेघ ओढली. "हे द्विवचन. दोघे आहेत, हे क्रियापदच सांगतंय. तुमचं मूळ ग्रीकमध्ये ना? मग तिथे ‘एक’चं लिंग कोणतं ते शोध. शोधल्याशिवाय कुणाला उत्तर देऊ नकोस."

पुढे धर्मशिक्षण घेताना ग्रीक शिकलो, तेव्हा सगळ्यात आधी तेच पान उघडलं. शब्द होता ‘हेन’, नपुंसकलिंगी. पुल्लिंगी असता तर ‘हेइस’ असता. क्रियापद ‘एस्मेन’, म्हणजे ‘आहोत’. मग वाचनात आलं की सुमारे १८०० वर्षांपूर्वी कार्थेजच्या टर्टुलियन या ख्रिस्ती लेखकानेही लॅटिनमध्ये याच जागी बोट ठेवलं होतं: वचनात नपुंसकलिंगी ‘ऊनुम’ आहे, पुल्लिंगी ‘ऊनुस’ नाही. नंतरच्या ऑगस्टीन या धर्माचार्याने तर त्या एका वाक्याची दोन्ही टोकं धरली. पुत्राला पित्याहून खालचा मानणाऱ्या अरियसला ‘एक’ने उत्तर मिळतं आणि पिता-पुत्र ही एकाच व्यक्तीची दोन रूपं मानणाऱ्या सबेल्लियसला ‘आहोत’ने. नववीच्या फळ्यावर दोन्ही होतं.

एवढ्या व्याकरणावर पिता-पुत्रांच्या एकत्वाचा सगळा सिद्धांत उभा राहतो, असं मी म्हणणार नाही. ‘होमोऊसिओस’, एकतत्त्व, हा शब्द मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत कबुलीत, आला तो ३२५ साली नायसियाच्या धर्मपरिषदेत, आणि वाद त्यानंतरही कित्येक वर्षं चालला. ‘हेन’मध्ये केवळ मनाची आणि कार्याची एकता पाहणारेही आहेत. मी मात्र आधीची दोन वचनं सोबत वाचतो. मेंढरांना, म्हणजे येशूच्या अनुयायांना, पुत्राच्या हातातून कोणी हिसकावून घेणार नाही, आणि पित्याच्या हातातूनही कोणी हिसकावून घेऊ शकत नाही. हात दोघांचे, पकड एकच. वडिलांच्या अंत्यविधीत मी हीच वचनं वाचली.

शोध लागल्याचं सांगायला सुट्टीत सरांच्या घरी गेलो. त्यांची नजर अधू झाली होती. ‘हेन’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारून पाहिला, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर देवनागरीत लिहून घेतला, मग विचारलं, "आणि क्रियापद? द्विवचन?"

"बहुवचन, सर. त्या काळच्या ग्रीकमधून द्विवचन गेलं होतं."

"अरेरे," सर हळहळले, आणि ‘हेन’च्या शेजारी स्वतःच्या हाताने ‘स्वः’ लिहिलं.