आपली खोली कुठल्या एकरात?

३० जानेवारी २०२४, मंगळवार. महालक्ष्मी रेसकोर्सवर त्या दिवशी शर्यत नव्हती, तरी पहाटेपासून सगळ्यांच्या तोंडी एकच विषय. रेसकोर्स चालवणाऱ्या रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचे सभासद मत देणार होते. २११ एकरांपैकी १२० एकर महापालिकेच्या सेंट्रल पार्कसाठी सोडायचे आणि उरलेल्या ९१ एकरांवर शर्यती चालवायच्या, हे मंजूर आहे की नाही, एवढं सांगायचं होतं. मी सभासद नाही. एका ट्रेनरच्या तबेल्याचे हिशेब लिहितो. महिनाअखेर असल्यामुळे माझ्यासमोर पगाराचं रजिस्टर उघडं होतं.

ट्रॅकवर्क, म्हणजे सकाळची धावण्याची तालीम, संपवून घोडे परतले होते. सईस, म्हणजे घोड्यांची निगा राखणारी माणसं, त्यांना फिरवून गार करत होते, पलीकडे नालबंदाची ठोकठोक चालू होती. आमचे सगळ्यात जुने सईस, ज्यांना सगळा तबेला मामा म्हणतो, चहाचे दोन ग्लास घेऊन माझ्या टेबलाशी आले. मामांचे वडीलही सईस होते. मामांचा जन्म तबेल्यामागच्या खोल्यांतला. ग्लास ठेवून ते म्हणाले, "भाऊ, एक विचारू? त्या हिशेबात आपली खोली कुठल्या एकरात येते?"

मला उत्तर देता आलं नाही. तबेले हलवून नवे बांधायचे, अशी चर्चा तेव्हा जोरात होती. कुठे, कधी, मधल्या काळात घोडे आणि माणसं कुठे राहणार, यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. "विचारून सांगतो मामा," एवढंच बोललो. त्यांनी मान हलवली आणि घोड्याला खरारा करायला निघून गेले.

महालक्ष्मीला शर्यती सुरू झाल्या १८८३ साली. जमिनीचा करार १९९४ मध्ये १९ वर्षांसाठी वाढवला होता, तो ३१ मे २०१३ ला संपला. तेव्हापासून पुढची दहा वर्षं इथला प्रत्येक माणूस संपलेल्या कराराच्या जमिनीवर उभा होता. मध्येच थीम पार्कची कल्पना पुढे यायची, निवडणूक जवळ आली की रेसकोर्स पुन्हा बातमीत यायचं. एक बाजू म्हणायची, मूठभर श्रीमंतांच्या शौकासाठी एवढी जागा कशाला? दुसरी म्हणायची, बागेच्या नावाखाली ही बिल्डरांच्या घशात जाईल. मुंबईत मोकळी जमीन किती कमी उरली आहे हे मलाही दिसतं. लोकांना बाग हवी, यात चूक काय? आताही शेकडो माणसं सकाळ-संध्याकाळ इथे चालायला येतात. माझी तक्रार वेगळी आहे. या साऱ्या वादात एकर मोजले गेले, पण इथे पोट भरणारी माणसं कुणी मोजली नाहीत. सईस, रायडिंग बॉय, नालबंद, गवत आणणारे, टोटच्या, म्हणजे क्लबच्या अधिकृत बेटिंगच्या, खिडकीवर बसणारे, रेस बुक विकणारे. यांच्यातल्या कुणाला मत नव्हतं.

दुपारी बाराच्या सुमाराला एका मालकांचा फोन आला. फार सज्जन माणूस. सोळा वर्षांत त्यांचं एकही बिल थकलं नाही. म्हणाले, "या सीझननंतर मी थांबतोय. आधी मोठ्या घोड्याचं नाव काढून टाका, दुसऱ्याचं डर्बीच्या आठवड्यानंतर बघू." डर्बी म्हणजे सीझनमधली सगळ्यात मोठी शर्यत. मी विचारलं, "साहेब, आजच्या मतदानामुळे का?" ते म्हणाले, "जमिनीचं काहीही होऊ दे हो. हिशेबच बसत नाही."

तो हिशेब मला पाठ आहे. तबेल्यात नवीन आलेल्या पोरांना मी तो शंभराच्या नोटेवर समजावतो. टोटला लागलेले सगळे पैसे एका ठिकाणी जमा होतात. त्यातून खर्चापुरता छोटा वाटा क्लब कापून घेतो, बाकीचे जिंकणाऱ्यांमध्ये वाटले जातात. म्हणजे बहुतेक पैसा लोकांकडून येतो आणि लोकांकडेच परत जातो. १ जुलै २०१७ पासून त्यावर जीएसटी लागला, तोही क्लबच्या वाट्यावर न लागता लावलेल्या पूर्ण शंभरावर, २८ टक्के. दिवसाला सहा-सात शर्यती असतात. पहिल्या शर्यतीत जिंकलेले पैसेच पंटर, म्हणजे पैसे लावणारा, दुसऱ्या शर्यतीला लावतो, दुसरीतले तिसरीला, आणि प्रत्येक वेळी कर नव्याने. वर दहा हजारांपेक्षा जास्त जिंकलात तर ३० टक्के टीडीएस. फोनवर घेणारा बेकायदा बुकी यातलं काहीच कापत नाही. मग माणूस कुठे जाईल, हे सांगायला हिशेबनीस लागत नाही.

पंटर गेला की टोटची उलाढाल घटते. उलाढाल घटली की बक्षिसाची रक्कम घटते. त्या रकमेतूनच ट्रेनर, जॉकी आणि सईस यांना वाटा मिळतो. मामांच्या मुलीचं लग्न त्यांच्या घोड्याने मारलेल्या दोन रेसच्या पैशांतून झालं, हे मी स्वतः लिहिलेल्या पावत्यांवरून सांगतो. बक्षीस आटलं की मालक पुढच्या वर्षी नवं शिंगरू घेत नाही. मग तोटा शिंगरांची पैदास करणाऱ्या पुण्याकडच्या स्टड फार्मांपर्यंत पोचतो. पण तबेल्यात उभा असलेला घोडा रोज तेवढंच खातो. ओट्स, लुसर्न घास, कोंडा, खाली अंथरायला पेंढा, डॉक्टर, नाल. कारखाना मंदीत बंद ठेवता येतो, घोडा बंद ठेवता येत नाही. मार्च २०२० मध्ये शर्यती थांबल्या तेव्हा हे आम्ही भोगलं आहे. एका पैशाची आवक नव्हती आणि खुराकाचं बिल नेहमीएवढंच येत होतं.

सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये सांगितलं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. घोड्याचं घराणं, वजन, अंतर, जॉकीचा हात, हे सगळं अभ्यासून लोक पैसे लावतात. कराच्या तक्त्यात मात्र शर्यत लॉटरी आणि कसिनोच्या रांगेतच राहिली. सप्टेंबर २०२५ मध्ये तर दर ४० टक्क्यांवर गेला. त्या मालकांनी २८ टक्क्यांतच हात टेकले होते. आज त्यांचा फोन आला असता तर मी त्यांना थांबा म्हणालो असतो का, असा प्रश्न मला पडतो.

मतदानाचा निकाल दुसऱ्या दिवशी पेपरात वाचला. ७०८ जणांनी मत दिलं, त्यांतल्या ५४० जणांनी जमीन सोडायला होकार दिला. जून २०२४ मध्ये मंत्रिमंडळानेही मंजुरी दिली आणि ९१ एकरांचा करार २०५३ पर्यंतचा ठरला. काही सभासद याला शरणागती म्हणाले. मला तसं वाटत नाही. त्याच वर्षी १ एप्रिलला मकाऊचा जॉकी क्लब बंद झाला. सप्टेंबरमध्ये चेन्नईच्या गिंडी रेसकोर्सला सरकारने ७३० कोटींची भाड्याची थकबाकी दाखवून सील ठोकलं. ५ ऑक्टोबरला सिंगापूरने शेवटची शर्यत घेतली, १८१ वर्षांची परंपरा तिथे संपली. एवढं सगळं एका वर्षात पाहिल्यावर अर्ध्याहून जास्त जमीन देऊन ट्रॅक वाचवणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. ट्रॅक वाचला. त्यावर धावायला घोडे उरतील का, याचं उत्तर त्या करारात नाही.

पण मंगळवारची संध्याकाळ सांगायची राहिली. पाचच्या पुढे पगार वाटायला घेतले. रविवारी डर्बी होती, म्हणून मुलं एरवीपेक्षा खुशीत होती. कुणाचा घोडा कितव्या गेटवरून सुटणार यावर पैजा चालल्या होत्या. फोन आला होता त्या मालकांचा मोठा घोडा मामांकडेच होता. पाच वर्षांचा, तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. शिंगरू म्हणून आला तेव्हापासून त्याला मामांनीच सांभाळलं. ही बातमी दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून मी पाकीट देताना त्यांना बाजूला घेऊन सांगितली.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "विकणार का?"

"गिऱ्हाईक मिळालं तर. नाहीतर एखाद्या रायडिंग स्कूलला देतील."

"पाय चांगले आहेत अजून त्याचे."

"माहीत आहे मामा."

त्यांनी पाकीट न मोजता सदऱ्याच्या खिशात ठेवलं. तबेल्याकडे चार पावलं गेले आणि परत फिरले. सकाळचा प्रश्न ते पुन्हा विचारतील असं मला वाटलं होतं, आणि दिवसभरात मी त्यासाठी दोघा-तिघांना विचारूनही आलो होतो. पण खोलीचं त्यांनी नावच काढलं नाही.

"भाऊ, मालक सोडून गेले, पण घोडा तर आहे. उद्यापासून याचा खुराक कुणाच्या नावावर लिहायचा?"

आमचे ट्रेनर त्या वेळी मुंबईबाहेर होते. मी त्यांना फोन लावला, मामांचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग ते म्हणाले, "माझ्या नावावर लिही." मी रजिस्टर उलटं करून खुराकाचं पान काढलं, मालकांचं नाव खोडलं आणि वर ट्रेनरचं लिहिलं. मामा दारात उभे राहून बघत होते. लिहून झाल्यावर ते ओट्सची बादली घेऊन आत गेले.